मागच्यासाठी थांबायचं नाही

बाबा,

आईला बर्फात चालायला घेऊन गेले होते. खरं सांगते, तिच्यासाठी नाही, तुम्हाला डिवचायला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा विषय निघाला की ती अजून "फार सज्जन माणूस" म्हणते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला माझ्या घरी येऊन तिने माझ्याच फ्रिजवर तुमचा फोटो लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्या ह्यांनी अख्ख्या बँकेला गड चढायला शिकवलं." शिकवलंत खरं. मला काय शिकवलंत ते मी पाहुण्यांसमोर काढत नाही, उगाच चहा गार होतो. मला तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, दोघींपैकी एक जण मरायच्या आत: हो, तुझा बाप दुष्ट होता. सोफ्यावर बसून ती ते कधीच म्हणाली नसती. म्हणून ट्रेनची तिकिटं काढली आणि तिला वर स्कॉटलंडला, केर्नगॉर्म्सच्या नॅशनल पार्कमध्ये नेलं. नवशिक्यांसाठीची स्नोशू ट्रिप, गाईडसकट. लोक नवख्यांना डोंगरावर कसं नेतात ते तिला डोळ्यांनी दिसलं की ती बोलेल, असा माझा हिशोब.

तुमचा नियम तुम्हाला आठवत असेलच, मेलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं! रविवारी बँकेतली मंडळी, त्यांच्या बायका, पोरं, सगळ्यांच्या पुढे तुम्ही आणि सगळ्यांच्या शेवटी मी. आजारी नव्हते, आळशी नव्हते, नुसती काडीच्या पायांची होते. वाटेत सगळे सावलीला बसून संत्री सोलायचे. मी धापा टाकत पोचायचे आणि मी पोचले रे पोचले की तुम्ही उठायचात. "चला." मागचा आला की निघायचं, मागच्यासाठी थांबायचं नाही. म्हणजे ज्याला बसायची सगळ्यात जास्त गरज, त्यानेच तेवढं बसायचं नाही. "पाणी तरी पिऊ दे," मी म्हणायचे. "चालता चालता पी." एकदा तुम्ही मला पितळेची शिट्टी आणून दिलीत. फारच मागे राहिलीस तर वाजव, म्हणालात. किती खूश झाले होते मी! पुढच्याच रविवारी वाजवली, गाल दुखेपर्यंत वाजवली. मी खाली कातळापाशी आहे, तुम्ही वरच्या वळणावर उभे आहात. शिट्टी ऐकून तुम्ही मान वळवता, पण माझ्याकडे नाही, शेजारी उभ्या असलेल्या आईकडे. एकमेकांकडे पाहता आणि दोघंही चालायला लागता. मला वाटलं, हसताहेत मला. ती शिट्टी मी करवंदीच्या जाळीत भिरकावून दिली. घरी आल्यावर "हिला काही देण्यात अर्थच नाही" असं आई म्हणाली, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात.

आता इकडचं ऐका. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालं. आधी पावसाने बर्फ धुऊन नेला, मग पुन्हा पडला, मग वाऱ्यामुळे ट्रिप एक दिवस पुढे गेली. शेवटी कार पार्कमध्ये उभं करून गाईडने आमच्या बुटांना ते स्नोशूज बांधले. सुपाएवढे असतात, खाली लोखंडी दात. आई माझी वॉटरप्रूफ पँट घालून दोन्ही हातांत काठ्या धरून उभी. "बदकासारखं चालायचं का गं?" "हो, पाय फाकवूनच टाक, नाहीतर स्वतःच्याच पायावर पाय देशील." गाईड माझ्याच वयाची बाई, वाऱ्याने गाल सोलवटलेले. तिने सगळ्यांना थोडं चालवून पाहिलं आणि आईला हाताने पुढे बोलावलं. "यू वॉक राइट बिहाइंड मी." सगळ्यात हळू चालणारा गाईडच्या लगेच पाठी, आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं. थांबलं की सगळ्यांचा दम पुरता बसेपर्यंत निघायचं नाही. बाबा, कोणी उपकार करत नव्हतं, तिथली रीतच ती. केंब्रिजचं एक तरणंबांड जोडपं आमच्याबरोबर होतं. तेही आईच्या मागून मुंगीच्या पावलांनी चाललं आणि कोणी नाक मुरडलं नाही. मी शेवटी चालत होते आणि मनात तुमच्यावरचा खटला रंगवत होते. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला गाईडने सगळ्यांना बसवलं आणि थर्मासमधलं गरम ब्लॅककरंट सरबत ओतून दिलं. आई ऐटीत बसली होती. मला वाटलं, हीच वेळ.

"बघितलंस ना? असं नेतात नवख्यांना. बाबांना जमलं नसतं हे?"

"न जमायला काय झालं?" आई मफलर सैल करत म्हणाली. "ते तर दर वेळी थांबायला निघायचे. मीच नाही म्हणायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रडूबाई होतीस नुसती. सांगून ठेवलं होतं मी त्यांना, हिच्यासाठी एकदा जरी थांबलात तर पुन्हा मी यायची नाही आणि डबेही मिळायचे नाहीत. ती शिट्टी आणली तेव्हा केवढं भांडण झालं होतं आमचं!" तिने एक घोट घेतला. "गोड आहे गं हे. त्यांना आवडलं असतं."

"आई, तुला वाईट नाही वाटलं कधी?"

"वाईट कशाला वाटायचं? इथवर आलीस की."

इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाचा राग करत होते, असं म्हणून तुम्हाला सोडून देणं सोपं आहे. नाही सोडणार. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत ते हसायला नाही, विचारायला: थांबू का? आणि तिने नाही म्हटल्यावर मूग गिळून चालू लागलात, तिथे वाटेवर एका संत्र्याच्या सालीएवढाही वाद घातला नाहीत. बँकेतले लोक तुमच्या एका "चला"वर उठायचे, आणि तुम्ही डब्यांना घाबरलात! दुष्ट बाप परवडला असता, बाबा. त्याच्यावर रागावून मी आरामात म्हातारी झाले असते. या भित्र्याचं काय करू? तुम्ही मेलात, सुटलात. ती एप्रिलपर्यंत माझ्या घरात आहे.

उतरताना कार पार्क दिसायला लागलं, वाट सपाट झाली, तशी गाईड म्हणाली, आता आपापल्या चालीने या. मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि बाकावर बसले. हळूहळू बाकीचे आले, स्नोशूज सोडून बसले. आई शेवटी. काठ्या थरथरत होत्या, नाक लाल, तोंड उघडं. मी तिला दुरून येताना पाहत होते, घाई न करता. ती बाकाशी आली, एक हात टेकला, आता बसणार, तोच मी उठले.

"चला."

"अगं, पट्टे तरी सोडू दे पायाचे."

"चालता चालता सोड."

ते पट्टे वाकल्याशिवाय सुटत नाहीत हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे इतरांकडे पाहिलं, कोणीतरी मला थांब म्हणेल म्हणून. मराठी कोणाला कळत होतं? गाईड आमच्याकडे बघून हसली, म्हणाली, "यू टू आर लव्हली." आई त्या सुपांसकट डांबरावर खडखड करत गाईडच्या गाडीकडे निघाली.

हे कुठे पाठवायचं नाही, आईला दाखवायचं तर नाहीच. फ्रिजवरचा फोटो मी अजून काढलेला नाही. एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं: ती पाठमोरी चालत असताना मीही मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, कोणी थांब म्हणतंय का ते. मला थांबायचं होतं, बाबा.