खळ काढायची राहिली

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी जेवून जरा पडले आणि पुन्हा तेच स्वप्न. मेंढरं कुपवाडच्या कारखान्यात शिरलीत, शिलाईच्या मशीनींमधून वाट काढत माझ्या टेबलापर्यंत आलीत. त्यातली एक काळी टेबलावर हनुवटी टेकून उभी. मी तिला विचारतेय, पुढचा कोट कसला करू? ती निवांत रवंथ करतेय. जाग आली ती फोनने. दिल्लीच्या दुकानाच्या बाई.

बोलल्या गोड, पण सरळ. वन्संनी श्रावणात अंथरूण धरल्यापासून आपण जुनेच कोट फिरवून फिरवून पाठवतोय. गिऱ्हाईक नवीन मागतं. उन्हाळ्याच्या आत नव्या डिझायनरचं नाव आणि नवा माल, नाहीतर दुकानातली आपल्या 'काळीभोर'ची जागा दुसऱ्याला. त्यांच्यावाचून आपलं कोण घेणार? आपल्या एका कोटात इथं स्कूटर येते. घोंगडीच्या कोटाला स्कूटरचे पैसे मोजणारा माणूस सांगलीत मला अजून भेटायचाय.

म्हणजे वन्संच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवायचं. लिहितानाही कसंतरी होतं.

सुभेदारांना सांगितलं. हे म्हणाले, भरती काढू. पलटणीतून येऊन इतकी वर्षं झाली, पण घरात मोलकरीण ठेवायची तरी यांची भरतीच असते.

१६ नोव्हेंबर, रविवार
वाईला गेलो. वन्सं ओसरीवर खुर्चीत, अंगावर शाल. डावा हात आता उचलतात थोडा. खांदा मात्र खालीच गेलाय तो गेलाय, पदर सारखा तिकडून ओघळतो. मी सावरायला गेले की हात झटकतात.

कागद दाखवले. बरेच अर्ज आले होते, त्यातले दोन मला बरे वाटले. मीनल, मुंबईची, मोठमोठ्या नावांकडे काम केलेली. ईशान, पुण्याचा, परदेशी शिकून आलेला, तिशीचाही नसेल. वन्संनी चष्मासुद्धा मागितला नाही. सुभेदार सख्खे धाकटे भाऊ, त्यांना वाटलं अक्काला वाईट वाटलं. तसं नव्हतं. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "बोलणं काय ऐकताय त्यांचं. कापड द्या हातात."

बस, एवढंच. बाकी वेळ नदीकडे बघत होत्या. मीही बघत बसले. घाटावर कुणीतरी पिवळं लुगडं धुऊन लांबच्या लांब वाळत टाकलं होतं आणि वाऱ्याने ते उचललं जात होतं, परत बसत होतं. असा एक कोट करता आला तर. वन्संना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. माझ्या डोक्यात येतं ते हातात उतरत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
जतला. बिराप्पाच्या मागावर घोंगडीची दोन पानं तयार होती, अस्सल काळी, कुठे रंगाचा थेंब नाही. उन्हात धरली की आतून तांबूस दिसतात. अंगणात पुढच्या घोंगडीचा ताणा पसरलेला, विणताना सूत तुटू नये म्हणून त्याचा मुलगा आणि सून चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळत होते. तो आंबूस वास मला लहानपणापासून आवडतो. झोप येते त्या वासाने.

बिराप्पा म्हणाला, "यंदा लोकर लय ग्वाड आलिया बाई. अक्कास्नी दावा." मग कानडीत बायकोला काहीतरी म्हणाला आणि तिने डोळ्याला पदर लावला. वन्संचंच असणार. मी विचारलं नाही.

येताना टँकरच्या मागे मागे गाडी, रस्ताभर पाणी सांडत चाललेलं, त्यात आभाळ. सांगलीत पोचल्यावर तडक दोन्ही पानं गुंडाळून एक पुण्याला, एक मुंबईला पाठवून दिलं. मनासारखं काहीही करा, एवढंच लिहिलं सोबत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
वाट बघणं सुरू. कारखान्यात काम कमी, म्हणून बोलणं जास्त. शिलाईच्या बायकांत मंगल मोठी, तिने आज विचारलंच. नवा सायेब आला की आमच्या जागी मशीनं आणणार का? मी म्हटलं, अगं सायेब कशावरून, बाईपण असेल. ती म्हणाली, मग तर लयच अवघड. सगळ्या हसल्या. मीही. पण त्यांच्या घरच्या चुली कशावर चालतात ते मला माहीत आहे. दिल्लीची जागा गेली तर मशीनं आणायचीही वेळ येणार नाही.

दुपारी टेबलावरच डुलकी. मेंढरं नाहीत आज. नुसतं काळं, मऊ, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज.

७ डिसेंबर, रविवार
ईशान आला. मोठं खोकं, त्यातून कोट काढला आणि जमिनीवर ठेवला. टांगला नाही, ठेवला. आणि तो उभा राहिला.

खरंच उभा राहिला. आत कुणी नाही, खाली काठी नाही. खांदे रुंद, बाह्या जरा बाहेर काढलेल्या, पाठीला एकच मोठी घडी. अंगात कुणी नसताना त्याला ऐट होती. मंगलने हातातलं काम खाली ठेवलं. सुभेदार दारातून आत येत होते, ते थबकले आणि त्यांचा हात अर्ध्यावर सलामीला गेला, मग केस सारखे केले.

वन्संचे कोट अंगावर पडतात, अंगाचे होतात. हे निराळंच. पण मला रडू आलं, म्हणजे काहीतरी आहे. मुलगा बारीक, अबोल, नखं कुरतडलेली. म्हणाला, "या कापडात एवढा ताठा असेल असं वाटलं नव्हतं. मी फक्त त्याच्या कलाने घेतलं." किती चांगलं बोलला. त्याला मंगलने दोनदा भाकरी वाढली.

दिल्लीला फोटो पाठवले. संध्याकाळच्या आत उत्तर, हाच मुलगा घ्या, असे कोट जितके होतील तितके पाठवा. आज कित्येक महिन्यांनी डोकं हलकं वाटलं.

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी मीनलचा मुंबईहून फोन. बिचारी ओशाळली होती. कोट शिवून झाल्यावर तिच्या शिंप्याने तो मशीनमध्ये धुतला आणि तो इतका आटला की कोकराला बसेल. पुन्हा कापड मागायला तिला तोंड नाही, तिने नाव मागे घेतलं. मी समजूत घालत होते. ठेवता ठेवता ती म्हणाली की पहिलं पाणी अगदी चिकट निघालं, भाताच्या पेजेसारखं, असं नेहमी होतं का?

हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग तिथेच बसले.

खळ. खळ काढलीच नाही आम्ही. नवीन पान आलं की कुपवाडच्या हौदात घालून पायांनी तुडवायचं, चिंचोका पार निघून जाईस्तोवर, मगच कात्री. मी जतहून आले ती तडक पार्सलला गेले. मला वाटलं, बिराप्पाने या वेळी धुऊन दिलंय. हौदावरच्या बायकांना वाटलं, मी आधीची धुतलेली पानं पाठवली. आणि त्या दोघांना सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण इथे हे कुणाला सांगावंच लागत नाही. नवी घोंगडी घेतली की पोरसुद्धा आधी ती पाण्यात टाकतं.

म्हणजे तो ताठा लोकरीचा नाही. चिंचोक्याचा आहे.

१० डिसेंबर, बुधवार
सगळे जेवायला गेल्यावर कोटापाशी गेले. बोट ओलं करून आतल्या बाजूच्या काठावर लावलं. जरा वेळात तेवढा काठ मऊ पडला, खाली वाकला. पटकन फुंकर घालून वाळवला. चोरी केल्यासारखं वाटलं.

पावसाळी हवेत हा कोट उभा राहायचा नाही. खळ ठेवली तर कसर लागणार, आणि काढली तर उरणार नुसतं लोंबतं कापड. दिल्लीला काय पाठवायचं? आणि त्या मुलाला काय सांगायचं?

सुभेदारांना म्हटलं, नकोच सांगायला, एवढे कोट जाऊ देत, पुढचं पुढे. ते बूट पुसत होते. वर न बघता म्हणाले, "दारूगोळा ओला हाय हे माहीत असून जवानाला फुडं धाडायचं न्हाई."

यांच्याशी या बाबतीत वाद घालता येत नाही. पण दोन दिवस तरी मला त्या उभ्या कोटाकडे बघू दे ना.

१४ डिसेंबर, रविवार
सांगितलं. त्याला बोलावून घेतलं, हौदापाशी नेलं, खळ म्हणजे काय इथपासून सगळं. चूक आमची, हे तीनदा म्हणाले.

ईशान ऐकत होता. हौदाच्या कडेवर बसला, पाण्यात हात घातला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला आवडलं ते मी केलेलंच नाही."

मी नाही नाही म्हणत राहिले, पण नेमकं काय नाही ते मलाही सांगता येईना. मंगल म्हणाली, आवं पण घडी तर तुमीच घातली न्हवं? तो हसला थोडा. जातो म्हणाला. मग एस.टी. स्टँडवरून त्याचा फोन आला, तुमच्या वन्संना भेटता येईल का? कोट धुऊ नका तोवर.

दिल्लीच्या बाईंना कळवलं की थोडं थांबा. त्यांना थांबणं आवडत नाही, बावीस तारखेला नाव कळवा म्हणाल्या.

१८ डिसेंबर, गुरुवार
तासगावच्या रस्त्याने येताना दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, घडांना कागद गुंडाळलेले. गाडीत डोळा लागला. कोट मांडवाखालून चाललेत, रिकामे, एकापाठी एक, आणि मी त्यांना सांगतेय की बाबांनो पाण्याजवळ जाऊ नका. त्यांना कान नाहीत. सुभेदारांनी हलवून उठवलं, म्हणाले की मी झोपेत कुणाला तरी रागावत होते.

रविवारी ईशान वाईला आला नाही तर पुढे काय, हा विचार दोघांच्याही मनात. पोहे खाल्ले.

२१ डिसेंबर, रविवार
वाई. काल मुक्कामाला आलो, ईशान सकाळी पहिल्या गाडीने. नदीवर असं दाट धुकं की पलीकडचा काठ नाहीच. घंटेचा आवाज तेवढा तिकडून.

कोट ओसरीवर उभा केला. वन्संनी लांबून पाहिला. मग उजवा हात पुढे केला, काठ चिमटीत धरला, आणि माझ्याकडे बघितलं. कळलं त्यांना. बोटांनी नुसतं चोळलं आणि कळलं. मी मान खाली घातली.

मला वाटलं, आता बोलतील काही. त्या म्हणाल्या, "घाल मला."

ईशानने घातला. डावा हात आधी, अगदी हळू, त्याला सुचलं बरोबर. मग उजवा. मग तो बाजूला झाला आणि मी वन्संना बघितलं. खांदा वर होता. श्रावणानंतर पहिल्यांदा दोन्ही खांदे एका रेषेत. कोटाने धरून ठेवला होता, आतून नाही, बाहेरून, पण धरला होता. त्यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी मान ताठ केली आणि श्वास घेतला, मोठा, पुरा. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझं तर काय विचारूच नये.

ईशानने तोंडावर हात ठेवला होता.

वन्संनी काठी मागितली. घाटावर जायचं म्हणाल्या. मी म्हटलं, अहो वन्सं, धुकं आहे, सगळं दव, हा भिजला तर बसेल. ईशानही पुढे झाला, काढू का म्हणाला.

वन्सं चालायला लागल्या होत्या. दारातच थांबून त्याला म्हणाल्या, शब्द जुळवत, "भिजू दे. तो मऊ पडला की तू काय करतोस, ते बघायचंय मला."

आता पायरीवर बसलोय सगळे. हे मी तिथेच लिहितेय, पान ओलसर झालंय. वन्सं खालच्या पायरीवर उभ्याच, नदीकडे तोंड करून. दिल्लीला उद्या नाव कळवायचंय. बाह्यांवर दवाचे बारीक ठिपके आलेत, पाठीची घडी अजून आहे. कॉलर वाकली. ईशान त्यांच्या मागे एका पायरीवर, दोन टाचण्या ओठात धरलेल्या, त्याचं माझ्याकडे लक्षही नाही. आता डावा खांदा. खचतोय, सावकाश. त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. वन्सं वळून त्या हाताकडे बघताहेत. आम्हीही.