तुम्हाला माहीत होतं

बेंगळुरू, मंगळवार

प्रिय बाबा,

तुमचे फोन येतात ते मला दिसतात. मी उचलत नाही, कारण उचलला तर मी ओरडेन, तुम्ही गप्प बसाल आणि मग नेहमीसारखी मलाच तुमची दया येईल. म्हणून लिहितेय. मी ठीक आहे. कॉलेजातल्या ज्योतीच्या खोलीवरच राहते आणि गेल्या सोमवारपासून एका क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. जेवण वेळेवर होतं. इथल्या सांबारात गूळ असतो, एवढीच तक्रार.

तारनाक्याच्या घरून स्कूटरवर तुम्ही मला पहिल्यांदा हकीमपेटच्या हवाई तळाकडे नेलंत तेव्हा मी सातवीत होते. शामीरपेटच्या रस्त्याकडेला आपण भाजलेलं कणीस खात उभे होतो आणि हवाई दलाची विमानं एकामागून एक डोक्यावरून उतरत होती. मी म्हटलं, ‘बाबा, मी हे चालवणार.’ तुम्ही हसून म्हणालात, ‘चालव की! नक्को कोण म्हणतंय?’ त्या एका वाक्यावर मी दहा वर्षं काढली. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर मी पळायची आणि तुम्ही मागून स्कूटरवर, घड्याळ हातात धरून. ऑफिसातून दमून आलात तरी माझी गणितं तपासायला बसायचात. मैत्रिणींना मी सांगायची, माझे बाबा सगळ्यांच्या बाबांसारखे नाहीत.

आणि आई आडवी यायची. ‘दुसरंही काही बघून ठेव गं, एकाच गोष्टीवर एवढा जीव टाकू नये,’ हे तिचं रोजचं. मला वाटायचं, भित्री आहे, मुलीची जात म्हणून घाबरते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी तिला तोंडावर म्हटलं, ‘तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही.’ ती भाजी निवडत होती. तशीच उठून आत गेली. तुम्ही समोर पेपर वाचत होतात. तुम्ही पान उलटलंत. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले, आठवतं?

म्हैसूरला मुलाखतीचे पाच दिवस काढून माझी निवड झाली तेव्हा तुम्ही अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत. शेजारचे मुकुंदराव मला ‘पायलट मॅडम’ म्हणायला लागले. वैद्यकीय तपासणीला अजून पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत तुम्ही मला बूट घेऊन दिलेत, बॅग घेऊन दिलीत, स्टेशनवर सोडायला आलात. एवढं सगळं केलंत, बाबा.

इथे डोळे तपासणाऱ्या डॉक्टर विंग कमांडर होत्या. मशीनला हनुवटी टेकवून मी बसले होते. त्यांनी विचारलं, ‘डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?’ मी म्हटलं, ‘झालेलं नाही, मॅम.’ त्यांनी पुन्हा बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, ‘तिरळेपणाचं. इथे व्रण आहे. तू फॉर्मवर “नाही” लिहून सही केली आहेस.’ मी ताठ बसून सांगितलं, ‘मॅम, तसं काही असतं तर माझ्या वडिलांनी मला सांगितलं असतं.’ त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘बाहेर जा आणि घरी फोन कर.’

फोन तुम्ही उचललात आणि मी ऑपरेशनचं विचारलं. मागे आपला कुकर वाजत होता तो मला ऐकू येत होता. मग हळूच म्हणालात, ‘इतक्या वर्षांनी पण दिसतं का ते?’

असं ऑपरेशन झालेल्याला हवाई दलात वैमानिक होता येत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं, हे मला तुमच्या त्या प्रश्नावरून कळलं. मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला वर बघता येईना. त्या खोलीत खोटी मी ठरले होते.

बाकीचं मालतीआत्यानं सांगितलं. मी चार वर्षांची असताना ऑपरेशन झालं. मी दहावीत असताना तुम्हाला नियम कळला. आई त्याच दिवशी मला सांगणार होती आणि तुम्ही तिला माझी शपथ घातलीत. तुम्हाला वाटलं, हिचं कुचिपुडी सुटलं, तबला सुटला, हे खूळही जाईल. ते गेलं नाही, मग तुमचा धीर होईना. हे मी एखादवेळेस समजून घेईनही. पण सहा वर्षं मी आईला टाकून बोलत होते आणि तुम्ही ते शेजारी बसून ऐकत होतात. एकदा नुसतं ‘तिला बोलू नकोस’ म्हणाला असतात! मला तुम्ही लाडके हवे होतात, आणि तुम्हालाही तेच हवं होतं. त्यासाठी वाईट कुणीतरी व्हायला लागत होतं, ते तुम्ही तिला करून ठेवलंत.

काल मी आईशी बोलले. माफी मागताना मला रडू आवरेना. ती म्हणाली, ‘तू बोलायचीस तेव्हा वाटायचं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. मग वाटायचं, राहू दे आणखी एक दिवस खुशीत.’ बाबा, येत्या मंगळवारचं मी तिचं काचीगुड्याहून इकडच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. महिनाभर ती माझ्याकडे राहील, कदाचित जास्तही. तुम्हाला सांगायचं तिला जमत नाहीये. म्हणत होती, गाडी सुटली की फोन करते. मी म्हटलं, नको, त्यांना आधी कळू दे. मागाहून कळलं की माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय. एवढ्यासाठी हे पत्र. तिला अडवू नका. मला फोन करण्याआधी तिच्याशी बोला, आणि जे बोलायचं ते तिच्याकडे बघून बोला. पत्र शुक्रवारी पोचेल. तुमच्याकडे चार दिवस आहेत.

रागावलेली, तरी तुमचीच,
वैदेही