नर्मदा मुळीक यांच्या पुस्तकांची आणि पुढच्या खोलीची व्यवस्था

मी, श्रीमती नर्मदा पंढरी मुळीक, वय ६७ वर्षे, येथील वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल, राहणार बोईसर, ता. जि. पालघर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा नवा आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती कै. पंढरी तारापूरच्या कारखान्यात फिटर होते. आम्ही तासगावकडून इथे आलो. आमची मुलगी उत्कर्षा चार वर्षांची असताना मी दर रविवारी ठाण्याला ग्रंथपालनाच्या वर्गाला जायचे. तेव्हा ते तिला सांभाळायचे, वेणीसुद्धा घालायचे, वाकडी का होईना. मुलांचा हात पोचावा म्हणून बुटकी कपाटे त्यांनीच करून दिली. ती चारही कपाटे मी वाचनालयाच्या बालविभागाला देते. ती उंच करू नयेत.

२. माझ्याकडचे पितळी कुलूप वाचनालयाचे माजी चिटणीस इंद्रजीतभाऊ यांना द्यावे. त्याची हकीकत नोंदवते. २००८ साली किशोरविभागात मी एक पुस्तक ठेवले होते. वयात येताना शरीरात काय बदल होतात, ते त्यात चित्रांसह होते. एका वडिलांनी येऊन आरडाओरडा केला. इंद्रजीतभाऊंनी पुस्तक कपाटात टाकून हे कुलूप लावले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मुली बिघडवताय." मी म्हटले, "मग मलाही घरी बसवा." त्यांनी बसवले. अकरा महिने मी घरी होते. मुले मात्र पत्ता शोधत आली आणि शनिवारी माझी पुढची खोली भरू लागली.

मग वार्षिक सभेत दांडी गावच्या सोजराबाई मासळीची पाटी घेऊनच शिरल्या. त्यांची दीपाली तेरा वर्षांची होती. सोजराबाई म्हणाल्या, "माजी पोरगी तीन दिस रडत होती. तिला वाटलं, मोटा आजार झाला, आता मरते. मला आय असून सांगाया जमलं नाय. त्या पुस्तकानं सांगितलं. ते कोंडून ठेवलंय कशाला?" दुसऱ्या दिवशी इंद्रजीतभाऊ माझ्या दारात आले. कुलूप माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "चुकलो बाई. उद्यापासून या." चारचौघांत पद असलेल्या माणसाला हे सोपे नसते. माझा राग त्याच दिवशी गेला. कुलूप परत देते ते टोमणा म्हणून नव्हे. त्यांनी नातीला ही गोष्ट सांगावी, एवढीच इच्छा.

३. माझ्या मालकीची सर्व पुस्तके, अंदाजे नऊशे, कु. दीपाली हिला मिळावीत. ती ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आज पालघरला मुलांच्या विभागात काम करते. मी तिला विचारले होते, "पगार बेताचा, मान त्याहून कमी. कशाला पडतेस यात?" ती म्हणाली, "बाई, तुमी मला पुस्तक दिलंत आणि तोंड फिरवून बसलात. मला लाज वाटू नये म्हणून. मला तसं कुनासाठी बसायचंय." तिला माझी एकच सूचना. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांना पुस्तके पावसाळ्यापर्यंत द्यावीत आणि मळून आली तरी दंड लावू नये.

४. दागिने आणि बँकेतील ठेव माझी मुलगी सौ. उत्कर्षा हिला.

५. घर. पहिल्या मसुद्यात मी पूर्ण घर विनाअट उत्कर्षाला लिहिले होते. कारण तिच्या लहानपणीचे शनिवार मी वाचनालयात दुसऱ्यांच्या मुलांना दिले. गेल्या दिवाळीत ती हसत म्हणाली होती, "लहानपणी वाटायचं, तुझ्याशी बोलायला कार्ड काढावं लागेल." ती हसली, पण मला हसता आले नाही. मसुदा वाचून ती म्हणाली, "आई, घर माझं, मान्य. पण शनिवारी पोरं येऊन दार बंद बघतील, त्याचं काय?" मी म्हटले, "तुझ्यावर मला काही लादायचं नाही." तिने माझ्या हातातून पेन घेतले.

पुढची खोली दर शनिवारी मुलांसाठी उघडी राहील. मी स्वतः उघडेन.

वरील ओळ उत्कर्षाच्या हस्ताक्षरात आहे. ती खाडाखोड समजू नये. ती मला मान्य आहे, नव्हे, मी तिची ऋणी आहे. ओळीखाली मी वेगळी सही केली आहे.

लिहून ठेवणार : नर्मदा पंढरी मुळीक (सही)

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली :
१. डॉ. कुंदन सावे (सही)
२. अॅड. धर्मेश चुरी (सही)

बोईसर, शनिवार, दि. १४ जून २०२५