आवाज माझ्या फ्रीजचा होता

प्रति,
मा. ध्वनिनियंत्रण अधिकारी,
नगर कार्यालय.

विषय : खालच्या मजल्यावरील शिलाईकाकूंचे जप्त केलेले मशीन परत देण्याबाबत.
संदर्भ : माझाच मागील तक्रार अर्ज (नाव गुप्त ठेवण्याच्या विनंतीसह).

महोदय,

१. खालच्या घरातून मशीनची खडखड येते, असे मी संदर्भीय अर्जात कळवले होते. आपण तत्परतेने मशीन जप्त केले. खडखड चालूच आहे. ती माझ्या फ्रीजची आहे.

२. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तक्रारीपूर्वी फ्रीज तपासला होता. आवाज सुरू झाला की दार उघडून आत कान देत असे, आणि आवाज त्याच क्षणी थांबे. त्यावरून मी फ्रीजला निर्दोष ठरवले. तो बंद करून पाहायला हवा होता. पण आत काकूंचे इन्सुलिन असते. त्यांच्याकडे फ्रीज नाही.

३. काल फ्रीजमागची भिंत पुसताना तिथून खाली जाणाऱ्या पाइपचा रंग खरवडलेला दिसला. दार आपोआप लागावे म्हणून पुढच्या पायांखाली मीच लाकडी पाचर घातली होती. त्यामुळे फ्रीज मागे रेलून पाइपवर थडथडत होता आणि आवाज पाइपातून खालून आल्यासारखा वाटत होता. दार उघडले की दारातल्या बाटल्यांच्या भाराने तो जरासा पुढे झुके आणि गप्प होई. म्हणजे मी तपासत असे तेवढाच वेळ तो शांत असे.

४. काकू रोज सकाळी इंजेक्शनसाठी वर येतात. मी फ्रीजचे दार उघडते; साहजिकच शांतता पसरते. परवा म्हणाल्या, "माझं मशीन कुणाच्या डोळ्यात खुपलं कोण जाणे! पण तुझ्याकडे बघ बाई, किती शांत झालंय. तुझं तरी भलं झालं." मी त्यांना इन्सुलिन काढून दिले. गणवेशांचे कापड त्यांच्याकडे बेतून पडले आहे. हाताने किती शिवणार? काम दुसरीकडे जाण्याच्या बेतात आहे.

५. तरी मशीन तातडीने परत द्यावे. नियमाने काहीतरी जप्त असणे आवश्यकच असेल, तर माझा फ्रीज न्यावा. मात्र इन्सुलिनची सोय आधी करावी. नाव गुप्त ठेवण्याची विनंती मी मागे घेत आहे. परंतु काकूंना आपण कळवू नये; ते मीच करीन. उद्या त्या आल्या की खडखड सुरू होईपर्यंत मी फ्रीजचे दार उघडणार नाही.

आपली नम्र व चुकलेली,
(सही)
वरच्या मजल्यावरील तक्रारदार

सोबत : काही नाही. पाचर उद्यापर्यंत जागेवरच ठेवली आहे.