सात नंबरवाला

बाबा, सात नंबरवाला सापडला. आपल्या सीडीतला, वळणावर पडणारा. इथं तुमसरला माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून फोनवर कार्ब्युरेटरचं काहीतरी शोधत होते, तर खाली तीच काळी-पांढरी रेस आली. तेच गोल मैदान, तीच उडती माती, आणि तोंडात गरम भात असल्यासारखा घाईघाईनं बोलणारा तोच इंग्रजी माणूस. आपल्या सीडीसारखी अडकणारी नाही, पुरी आहे. तो पडायच्या जरा आधी मी ती थांबवली. फोन उलटा करून गॅसकेटच्या खोक्याखाली सारला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला भलतीच क्लच वायर काढून दिली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. बसते, उठते, चहा ठेवते आणि तो उतू जातो. हे लिहितानाही सारखी उठून दारापर्यंत जाऊन येते आहे.

साकोलीचं आपलं गॅरेज हायवेला इतकं लागून, की ट्रक गेला की भिंतीवरचे पान्हे खणखणायचे. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला होता आणि दारात एमएच पस्तीस, छत्तीस अशा दोन्ही जिल्ह्यांच्या नंबरच्या गाड्या उभ्या असायच्या. गिऱ्हाईक कंटाळून जाऊ नये म्हणून तुम्ही टीव्ही आणि सीडी प्लेअर आणला होता. आठवडी बाजारातून मारधाडीच्या हिंदी सिनेमाची सीडी घेऊन आलात, लावली, तर आत ही कुठल्या जमान्यातली मोटारसायकलची रेस! बाजारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता करता तुम्ही हळूच स्टूल पुढे ओढलंत. "अरे बाप्पा, या गाडीले ब्रेकच नाही वं!" तुम्ही केवढ्यानं ओरडलात. "मंग याईचा मेस्त्री लायनर कोनाचे बदलते? उपाशी मरन ना थो!" त्यानंतर गॅरेजमध्ये दुसरी सीडी लागलीच नाही. हँडल उजवीकडे आणि गाडी डावीकडे कशी जाते, डाव्या बुटाला लोखंडाचा पत्रा काहून ठोकला आहे, हे तुम्ही गिऱ्हाइकांना असं समजावायचात, जसं काही त्या मैदानावर तुम्हीच चुना मारून आला होतात. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या माणसाचं बोलणं तुम्ही बिनधास्त मराठीत करून सांगायचात, आणि सगळं मनचं.

सात नंबरवाला वळणावर पडायचा, मागून तीन गाड्या धूळ उडवत यायच्या, आणि नेमकी तिथंच सीडी अडकायची. पडद्यावर चौकटी चौकटी व्हायच्या. शर्टाच्या टोकानं पुसून झालं, माझी टूथपेस्ट चोळून झाली, पण गाडी काही पुढे सरकेना. मी कॉलेजातून आले की मागच्या घरातून तुमचं जेवण घेऊन यायचे आणि आपलं सुरू व्हायचं. तुम्ही म्हणायचात, "उठला असन." मी म्हणायचे, "नाही उठला." तुम्ही म्हणायचात, "तुले काय मालूम?" मी म्हणायचे, "मंग तुम्हाले काय मालूम?" हरलेल्यानं चहा करायचा, असं ठरलं होतं. हरत कोणीच नव्हतं, म्हणून चहा आई करायची आणि आपल्या दोघांच्या नावानं बोटं मोडायची. "बापलेकीले दुसरा धंदा नाही का?"

तलावाच्या पाळीवर मी स्कूटर घेऊन पडले, तेव्हा तुम्ही हात द्यायला आला नाहीत. मी रडत बसले होते आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून लांब उभे. "काहून उभे राहिले तिथं?" मी चिडून विचारलं. तर म्हणालात, "पाहून राहिलो, उठते का नाही." काय राग आला होता मला तुमचा! रागाच्या भरात उठलेच.

मग भंडाऱ्याचा तो दवाखाना. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी तोंड धुऊन आत आले, तर तुम्ही विचारलंत, "काय वं, उठला असन का थो?" मला वाटलं, आज तरी बरं वाटू दे यांना. म्हणाले, "हो बाबा, उठला असन." तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. "तू हो म्हणून राहिली?" मग म्हणालात, "मंग डॉक्टरनं तुले काहीतरी सांगतलं." मी नाही नाही म्हणत राहिले, पण तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. इतकं हुशार व्हायची काय गरज होती, सांगा ना! त्या एका 'हो'नं मला किती वर्षं झोपू दिलेलं नाही.

आज दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि पाहिलं. तो पडला. तीन गाड्या गेल्या. धूळ खाली बसायला फार वेळ लागला. मग तो गुडघ्यावर दिसला, हेल्मेट तिरपं झालेलं. उभा राहिला. स्वतःला कुठं लागलं ते पाहिलंच नाही, लंगडत गाडीकडे गेला आणि हँडल धरून ती उचलली. मी काउंटरवर हात आपटला आणि लहान पोरीसारखी रडले.

पण मी मानणार नाही, बाबा. धूळ बक्कळ होती, पाठीवरचा आकडा धड दिसत नव्हता, उठला तो दुसराच कोणी असेल. एकदा तुमच्या 'हो'ला 'हो' केलं आणि तुम्ही निघून गेलात. आता नाही करायची. नाही उठला, जा. काय बोलायचं ते बोला.

हा कागद कुठं टाकणार, राहील इथंच गॅसकेटच्या खोक्यात. चहा मात्र आज मीच केला आहे, एवढं कबूल.