एक्केचाळिसावं नाव

रादोम, पोलंड, १ फेब्रुवारी १९८१

चि. हालिनास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाचं मला काही खरं दिसत नाही. झेनेकने कारखाना सोडला, गॅरेज सोडलं, मठातून तर आठवड्यात परत आला. ‘जगायचं कशासाठी, मावशी?’ म्हणत दिवसभर लोळायचा, तेव्हा निदान कुठे आहे ते कळायचं. आता तीन आठवडे पहाटे पाचला उठतो, दाढी करतो (झेनेक आणि दाढी!) आणि जातो. कुठे विचारलं, तर म्हणतो, ‘लोकांकडे.’

काल त्याच्या कोटाला बटण लावताना वही सापडली. शंभरेक नावं, पुढे तारखा, खुणा. काही नावांवर काट. एक्केचाळिसावं नाव माझं आहे गं! साखर मिळत नाही म्हणून चर्चच्या दारात मी सरकारला शिव्या घातल्या होत्या. शेजारीण म्हणते, अशा वह्या कोण ठेवतं ते मला बोलायला लावू नका.

तू शिकलेली, तूच सांग. वाट पाहणारी,
लुडविका मावशी

लुब्लिन, ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं. गेल्या पत्रात तो मला विचारत होता, सुट्टीत किती दिवस येशील, सकाळ-संध्याकाळ सहाला कुठे असशील. तेव्हा हसले होते. ज्याला स्वतःचं काही ठरवता येत नाही, त्याला पोलीस सहज हाताशी धरतात. वही शेगडीत टाक. त्याला विचारू नकोस, खोटं बोलेल. भाऊ झाला म्हणून शंभर माणसं तुरुंगात जाऊ द्यायची का?

जपून राहा. तुझ्या मायेची,
हालिना

रादोम, १० फेब्रुवारी

प्रिय हालिनास,
स. न.

वही शेगडीत टाकून झाल्यावर मावशीने तुझं पत्र दाखवलं. ती दुकानाबाहेर कपडे धुण्याच्या मशिनसाठी आठवडेच्या आठवडे चाललेल्या रांगेची यादी होती. सकाळी सहा, संध्याकाळी सहा हजेरी. चुकला त्याच्यावर काट. तुमच्याकडे काय रांगा लागत नाहीत? मला कुठे जायची घाई नसते, म्हणून लोकांनी यादी माझ्याकडे दिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या भरवशावर काही सोडलं. मावशीचं नाव तिला न सांगता घातलं होतं. सुट्टीत तिच्या हजेरीला तू उभी राहशील, असं वाटलं होतं; तोवर तिची हजेरी मीच लावत होतो.

काल रिकाम्या हाताने गेलो. कुणीतरी ओरडलं, ‘कितीला विकलीस रे?’ मी नावं तोंडपाठ म्हणायला लागलो. चाळिसापर्यंत लोक आपापल्या नावाला माना डोलवत होते. एक्केचाळिसाव्याला सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरचं माणूस ना! मी ते नाव शेवटी घातलं, एकशे तिनावर. मग एका बाईंनी नवी वही पुढे केली.

मशिनं नव्वदच यायची आहेत. मावशीला हे मी सांगितलेलं नाही. तू कळव, शिकलेली तू आहेस.

सहा वाजत आले, निघतो.
तुझा,
झेनेक