रसेलचा जबडा

रसेलदादा,

हे मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय. तुझा जबडा मी मुद्दाम मोडला.

तुझ्या संघाविरुद्धच्या त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याआधी आमचे कोच म्हणाले, "भावाला आवर, नाहीतर मोसम संपेपर्यंत घरी बस."

लाथेने उंच आलेला चेंडू झेलायला तू हवेत उडालास. मी चेंडूकडे पाहिलंच नाही. धावत येऊन खांदा तुझ्या तोंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तू गवतावर हातपाय झाडत होतास, तोंडातून रक्त वाहत होतं, आणि आमची पोरं माझी पाठ थोपटत होती.

लीगच्या चौकशीत मी सांगितलं, नजर चेंडूवरच होती. तू तारांनी बांधलेल्या जबड्यातून कसाबसा बोललास, "मला काही आठवत नाही. पण कॉलम असं करणार नाही. त्याला मी शिकवलंय."

त्यांनी मला सोडलं. शनिवारी मेलबर्नला मी अंतिम सामना खेळलो, जिंकलो.

काल तू फोनवर विचारलंस, "कॉली, तो झेल मी घेतला होता का रे?"

"घेतलास, दादा."

डोक्याला बसलेल्या मारामुळे तू आता कधीच खेळू शकणार नाहीस, असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, हे तुला मीच सांगावं, कारण माझ्यावर तुझा विश्वास आहे.

उद्या येतोय.

कॉलम